अहमदाबादच्या गिरणी-कामगारांची प्रतिज्ञा : दोन पाठ आणि एक तह

अहमदाबादच्या गिरणी-कामगारांनीं १९१८ च्या फेब्रुवारी महिन्यांत जी प्रतिज्ञा घेतली तिचे दोन पाठ छापील साधनांत आढळतात, आणि ते एकमेकांशीं जुळत नाहींत. पहिला पाठ महादेवभाई देसाई यांनीं 'एक धर्मयुद्ध' ह्या आपल्या गुजराती पुस्तकांत दिला आहे. लढ्याच्या दिवसांत वांटलेल्या पहिल्या पत्रकांतहि तोच आहे. दुसरा पाठ स्वतः गांधींच्या आत्मकथेंतला. पहिल्या पाठांत कामगार असें बांधून घेतात कीं, जुलै महिन्याच्या पगारावर ३५ टक्के वाढ मिळेपर्यंत आपण कामावर जावयाचें नाहीं. आत्मकथेंत मात्र, मागणी मान्य होईपर्यंत, अथवा तिचा निर्णय पंचाकडे सोंपविण्यास मालक कबूल होईपर्यंत, कामावर जावयाचें नाहीं, असें आहे. आंकडा गेला आणि 'अथवा' आला.

हा केवळ शब्दांचा फेर म्हणून सोडून देतां येण्यासारखा नाहीं. पहिला पाठ खरा मानला तर १८ मार्च १९१८ रोजीं जो तह झाला त्यांतलें प्रत्येक कलम सप्रयोजन ठरतें. दुसरा खरा मानला तर त्यांतलीं दोन कलमें निव्वळ वेडगळपणाचीं वाटूं लागतात. पगाराचे टक्के, टाळेबंदी, संप हा विषय जुन्या कागदांत रमणाऱ्या वाचकांस परका वाटण्याचा संभव आहे. परंतु दोन पक्ष भांडले, मध्यस्थ पडले, शपथा झाल्या आणि शेवटीं कलमें ठरलीं, एवढी सामग्री असली म्हणजे परीक्षणाचे नियम एकच. सालबाईच्या तहाला जो न्याय तोच साबरमतीकांठच्या तहाला.

प्रथम तंट्याची हकीकत थोडक्यांत. १९१७ सालीं अहमदाबादेस प्लेगची सांथ आली. मजूर शहर सोडूं लागले तेव्हां त्यांना धरून ठेवण्यासाठीं मालकांनीं विणकरांस 'प्लेग बोनस' सुरू केला. तो कांहीं ठिकाणीं पगाराच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत गेला होता. सांथ ओसरल्यावर १९१८ च्या आरंभीं तो बंद करण्याचें ठरलें. महायुद्धाची महागाई चालूच होती. म्हणून कामगारांनीं बोनसाऐवजीं ५० टक्के वाढ मागितली. फेब्रुवारीच्या मध्यास उभय पक्षांचे तिघे-तिघे पंच व सरपंच म्हणून कलेक्टर, अशी योजना ठरली. कामगारांकडून गांधी, वल्लभभाई पटेल आणि शंकरलाल बँकर. मालकांकडील तिघांत अंबालालशेट साराभाई. गांधी खेडा जिल्ह्याकडे गेले असतां कांहीं गिरण्यांतून काम बंद पडलें. एवढ्याचा आधार घेऊन मालकांनीं पंचायत मोडली. गांधींनीं कामगारांची चूक कबूल केली, तरी मालक परतले नाहींत. २२ फेब्रुवारीस टाळेबंदी लागली. २० टक्क्यांवर एक पै देणार नाहीं, हा मालकांचा निश्चय. कामगारपक्षानें हिशेब तपासून आपली मागणी ५० वरून ३५ वर आणली, आणि तिच्यावर प्रतिज्ञा झाली. १२ मार्चला मालकांनीं दरवाजे उघडून २० टक्के पत्करणारास आंत घेण्यास आरंभ केला. तेथून टाळेबंदीचा संप झाला. १५ मार्चला गांधींनीं उपवास मांडला व १८ मार्चला तह झाला. मालकांचे अग्रणी अंबालालशेट व कामगारांची बाजू घेणाऱ्या अनसूयाबेन हीं सख्खीं भावंडें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

आतां साधनांची योग्यता पाहूं. 'एक धर्मयुद्ध' हें पक्षकाराचें लेखन आहे, हें नांवावरूनच उघड होतें. देसाई हे १९१७ च्या अखेरीस गांधींजवळ आले व लढ्याच्या वेळीं तेथें होते. मालकपक्षाची बाजू त्यांच्याकडून पुरी मिळेल अशी अपेक्षा कोणी करूं नये. परंतु त्यांनीं पत्रकें जशींच्या तशीं दिलीं आहेत, आणि पत्रक हा त्या त्या दिवसाचा कागद असतो. ह्या पत्रकांविषयीं एक सूचना अवश्य आहे. तीं अनसूयाबेनच्या नांवानें निघालीं, मजकूर गांधींचा. आपल्याकडच्या पत्रांत अक्षर कारकुनाचें व शिक्का धन्याचा, हा प्रकार नेहमींचा. येथें नांव एकाचें व विचार दुसऱ्याचा. म्हणून पत्रकावरून अनसूयाबेनच्या मनांतलें कांहीं काढूं पाहणें हें धाडस होईल. कामगारांच्या मनांतलें तर त्याहून कमी निघेल.

कामगाराच्या तोंडचें म्हणून जें एक वाक्य सर्व साहित्यांत ठळकपणें उरलें आहे, त्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. संपाच्या तिसऱ्या आठवड्यांत सभेस लोक कमी येऊं लागले. छगनलाल गांधी जुगलदासाच्या चाळींत बोलावणें घेऊन गेले. तेथें त्यांना ऐकविण्यांत आलें कीं, गांधी आणि अनसूयाबेन मोटारींतून येतात-जातात, पोटभर चांगलेंचुंगलें खातात. मरण आलें आहे तें आम्हांला. सभेनें पोट भरत नाहीं. हें बोलणें चाळकऱ्यापासून छगनलालांकडे, तेथून गांधींकडे आणि तेथून देसाईंच्या पुस्तकांत, असें तीन हातांतून आलें आहे. बोलणाराचें नांव वाटेंत कोठें तरी गळलें. शब्द नेमके हेच होते, अशी शपथ कोणी घेऊं शकणार नाहीं. तरीहि आशय खरा मानण्यास आम्हांस शंका वाटत नाहीं. ज्यानें पुस्तक लिहिलें त्याच्या नायकास हें वाक्य बोंचणारें आहे, आणि पक्षकार आपल्याच विरुद्ध जें नोंदवितो तें सहसा बनावट नसतें. शिवाय ह्या वाक्याचें उत्तर दुसऱ्या एका मजकुरांत सांपडतें, तें असें.

देसाईंच्या वृत्तांताप्रमाणें उपवासाच्या सकाळीं झाडाखालच्या सभेंत गांधींनीं जाहीर केलें तें हें कीं, कामगारांस ३५ टक्के मिळेपर्यंत, अथवा सगळे त्यासाठीं झगडत मरेपर्यंत, आपण अन्न घेणार नाहीं आणि मोटारींतहि बसणार नाहीं. अन्न आणि मोटार! चाळींतल्या टोमण्यांत ज्या दोन वस्तु होत्या त्याच नेमक्या शपथेंत आल्या. टोमणा बनावट असता तर शपथेंत मोटार आली नसती. आत्मकथेंत हा प्रसंग पाहावा. तेथें चाळ नाहीं, टोमणा नाहीं, मोटार नाहीं. कामगार ढिले पडूं लागले, कामावर जाणारांस धमकावण्याची वृत्ति बळावली, सभा रोडावल्या, म्हणून उपवास सुचला असें आहे. आणि शपथेचे शब्दहि निराळे : समेट होईपर्यंत, अथवा कामगार गिरण्या सोडून जाईपर्यंत. पुन्हां तोच प्रकार. १९१८ च्या कागदांत ३५ चा आंकडा, आत्मकथेंत समेट. प्रतिज्ञेच्या पाठांत झालेला फेरफार एकटा असता तर तो स्मरणाचा प्रमाद म्हणतां आला असता. उपवासाच्या शपथेंतहि तोच फेर, त्याच दिशेनें झालेला पाहून प्रमाद हें उत्तर पुरें पडत नाहीं.

कालगणनेंतहि एक लहानसा दुवा आहे. आत्मकथेंत तंटा २१ दिवसांत मिटला असें म्हटलें आहे. २२ फेब्रुवारीपासून १८ मार्चपर्यंत, दोन्ही टोंकें धरून, २५ दिवस होतात. पहिलें पत्रक २६ फेब्रुवारीचें. तेथून मोजले तर बरोबर २१. टाळेबंदी मालकांची, पत्रक आपलें. लेखकाच्या स्मरणांत लढा आपल्या पत्रकापासून सुरू झाला, असा आमचा तर्क. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे.

आतां तह. १८ मार्चचीं कलमें अशीं : पहिल्या दिवशीं ३५ टक्के वाढ द्यावी, कामगारांची प्रतिज्ञा राहावी म्हणून, दुसऱ्या दिवशीं २० टक्के, मालकांचा निश्चय राहावा म्हणून, तिसऱ्या दिवसापासून पंचाचा निवाडा होईपर्यंत २७॥ टक्के, पंच एकच, गुजरात कॉलेजांतले संस्कृताचे प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव. निवाडा ३५ चा झाला तर मालकांनीं फरकाचे ७॥ टक्के भरून द्यावे, २० चा झाला तर कामगारांनीं ७॥ टक्के परत करावे.

हीं कलमें वाचून अनेकांनीं कौतुकाचे उद्‌गार काढले आहेत. हिशेब करून पाहिल्याचें मात्र क्वचितच दिसतें. ३५ आणि २० मिळून ५५; त्याचें निमें २७॥. दोन्ही दिवसांचें काम सारखें धरलें तर पहिल्या दोन दिवसांत मालकानें जें दिलें, तें दोन्ही दिवशीं २७॥ दिल्यानें जेवढें झालें असतें तेवढेंच. कोणाची एक पैहि अधिक गेली नाहीं वा अधिक आली नाहीं. पैशाच्या दृष्टीनें पहिलीं दोन कलमें शून्य आहेत! तीं केवळ शब्दांसाठीं आहेत. एका बाजूच्या शपथेसाठीं एक दिवस, दुसरीच्या हट्टासाठीं एक दिवस. बेलभंडार उचलून केलेली शपथ मोडूं नये म्हणून वाक्य कसें वळवावयाचें, हें आपल्या जुन्या मुत्सद्द्यांस चांगलें ठाऊक होतें. त्यांनीं हीं कलमें पाहून मान डोलाविली असती.

येथें आत्मकथेचा पाठ लावून पाहावा. प्रतिज्ञेंतच 'अथवा पंच नेमीपर्यंत' असें असतें, तर ध्रुवांची नेमणूक मान्य होतांच ती पुरी झाली असती. मग पहिल्या दिवसाचे ३५ कशाला? मालकांनीं पंच कबूल केला आणि शपथ सुटली, इतकें पुरे होतें. ज्या अर्थीं तह करणारांस एका दिवसाचे ३५ टक्के पदरांत पाडून घ्यावे लागले, त्या अर्थीं शपथ ३५ चीच होती. एरवीं दोन छापील पाठांत मतभेदास जागा राहिली असती. तहाच्या कलमानें ती उरत नाहीं. आत्मकथेंत हीं कलमें दिलेलीं नाहींत, ३५ नाहीं, २० नाहीं, २७॥ नाहीं. पंच नेमला गेला व संप मिटला, एवढेंच. तें देणें शक्यच नव्हतें, कारण दिलीं असतीं तर चार पानें मागें लिहिलेल्या प्रतिज्ञेशीं तीं भांडलीं असतीं. त्या ऐवजीं समेटानंतर कामगारांस मिठाई वांटतांना झालेली झुंबड, शहरांतल्या भिकाऱ्यांचा लोंढा आणि शेवटीं मिर्झापुरांत अंबालालशेटांच्या बंगल्यावर झालेली वांटणी, हें सारें सविस्तर आलें आहे. मिठाईस परिच्छेद आणि टक्क्यांस ओळहि नाहीं, हें पाहून वाचकास हसूं येईल, आम्हांसहि आलें.

गांधींवर असत्याचा आरोप करण्याचा येथें हेतु नाहीं, व तसा तो होऊंहि शकत नाहीं. १८ मार्च रोजीं त्याच झाडाखालीं त्यांनीं कामगारांस स्पष्ट सांगितलें कीं, आपण जें आणलें आहे त्यानें प्रतिज्ञेचें अक्षर पाळलें जातें, आत्मा नव्हे. इतक्या निर्मळपणें आपल्याच तहाची उणीव सांगणारा मध्यस्थ आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. मालकांशीं स्नेह असल्यामुळें आपल्या उपवासाचें त्यांच्यावर दडपण आलें, हा दोषहि त्यांनीं त्या वेळीं व आत्मकथेंतहि कबूल केला आहे. आत्मकथेच्या प्रस्तावनेंत तर आपण इतिहास लिहीत नसून सत्याचे प्रयोग सांगत आहों, असें त्यांनीं बजावलेंच आहे. दोष असला तर तो आमचा. कारण प्रयोगाच्या ग्रंथास आम्ही अस्सल कागदाच्या जागीं बसवितों. राजवाड्यांनीं १८९८ सालीं पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली, ती वाचून मोठी झालेली मंडळी थोरांची आत्मचरित्रें समोर आलीं म्हणजे तो धडा विसरतात. विशेष हें कीं, आत्मकथेचें इंग्रजी भाषांतर महादेवभाईंचेंच आहे. प्रतिज्ञेचे दोन्ही पाठ एकाच लेखणीखालून गेले, आणि लेखणी अडली नाहीं!

मग पाठ बदलला कां? आमचें मत असें. आत्मकथा १९२५ पासून 'नवजीवन'मध्यें क्रमशः प्रसिद्ध झाली. तोंपर्यंत अहमदाबादेंत पंचायत ही रूढ संस्था होऊन बसली होती. १९२० च्या फेब्रुवारींत मजूर महाजन स्थापन झालें. त्याच सालीं कायमचें पंचमंडळ नेमलें गेलें, त्यांत कामगारांकडून गांधी व मालकांकडून शेट मंगळदास. कांहीं वर्षांनंतर मागें पाहतांना १९१८ च्या लढ्याचें फळ म्हणून पंचायत डोळ्यांपुढें उभी राहिली, आणि जें फळ तेंच बीज, असा भास झाला. ह्यावर कोणी असें म्हणेल कीं पंचायत गांधींच्या मनांत पहिल्यापासूनच होती. मालकांनीं मोडलेली पंचायत पुन्हां उभी करावी हाच तर झगडा. हा आक्षेप वजनदार आहे, आणि आम्ही तो निम्म्यानें मान्य करतों. पुढाऱ्याच्या मनांत पंचायत होती. परंतु प्रतिज्ञा पुढाऱ्याच्या मनानें घेतली नव्हती. ती कामगारांच्या तोंडून वदविली होती, आणि त्यांच्या तोंडांत आंकडा होता. चाळींतला मनुष्य उपाशी राहिला तो ३५ साठीं, पंचासाठीं नव्हे.

तहाच्या परतफेडीच्या कलमाकडेहि ह्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. त्याची चर्चा कोणी फारशी करीत नाहीं. निवाडा १० ऑगस्टला, म्हणजे जवळ जवळ पांच महिन्यांनीं झाला, व तो ३५ टक्क्यांचा झाला. तत्पूर्वींच युद्धकाळच्या तेजीमुळें कांहीं गिरण्यांतून ३५ वा त्याहून अधिक वाढ चालू झाली होती. म्हणून कलमाचा कांटा कोणास टोंचला नाहीं. पण तो होता. मूळ पगार महिना वीस रुपये धरला तर ७॥ टक्के म्हणजे दरमहा दीड रुपया. निवाडा २० चा झाला असता तर पांच महिन्यांचे साडेसात रुपये कामगाराच्या अंगावर देणें म्हणून निघाले असते, आणि तें वसूल करणारा त्याचा मालकच. तीन आठवडे पोट मारून आलेल्या मनुष्यानें हें कलम समजून मान्य केलें, कीं झाडाखालीं ऐकून मान हालविली, ह्याचा कोणताहि कागद उपलब्ध साधनांत नाहीं. तहाची तारीख म्हणजे तंट्याचा शेवट नव्हे, हें सालबाईवरून आपणांस ठाऊक आहे. १७ मे १७८२ ला ठरलेल्या तहावर नाना फडणिसांनीं शिक्कामोर्तब केलें तें १७८३ च्या फेब्रुवारींत, हैदर वारल्याची खात्री झाल्यावर. १८ मार्च व १० ऑगस्ट ह्यांमधला काळ तसाच तोलून पाहिला पाहिजे. एरिक एरिकसन यांनीं १९६९ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत ह्या संपास गांधीचरित्राचें केंद्र मानलें, अंबालालशेटांस भेटून मालकपक्षाची आठवणहि जमा केली, हें त्यांचें मोठें काम. पण त्यांचा रोंख माणसाच्या मनाकडे, कलमांकडे नव्हे.

पाठभेदाचा परिणाम केवळ ग्रंथांत राहत नाहीं, हें दाखविण्यास मुंबई इलाख्याचाच पुढचा इतिहास पुरेसा आहे. १९३८ सालीं खेर मंत्रिमंडळानें औद्योगिक कलहांचा कायदा केला. त्यानें समेटाचे उपाय थकल्यावांचून केलेला संप बेकायदा ठरविला. अहमदाबादच्या मजूर महाजनाचे चिटणीस गुलझारीलाल नंदा त्या मंत्रिमंडळाचे पार्लमेंटरी सेक्रेटरी होते, त्यामुळें अहमदाबादची वहिवाट मुंबईच्या कायद्यांत कोणत्या वाटेनें आली हें निराळें सांगावयास नको. डॉ. आंबेडकरांनीं कायदेमंडळांत त्यास कडाडून विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्याच हक्काचें दुसरें नांव, ही त्यांची भूमिका. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनीं मिळून मुंबईस एक दिवसाचा निषेध-संप केला. आतां दोन्ही पाठ ह्या वादासमोर ठेवावे. आत्मकथेचा पाठ प्रमाण धरला तर कामगारांनीं स्वखुषीनें, पहिल्या दिवसापासूनच, पंचायतीपुढें आपला आंकडा गौण मानला होता असें होतें, आणि कायदा त्यांच्याच शपथेचा अनुवाद ठरतो. पत्रकाचा पाठ धरला तर उलट दिसतें : पंचायत मालकांनीं मोडली, कामगारांनीं आंकड्यावर शपथ घेतली, आणि पंचायत परत मिळाली ती त्या आंकड्याच्या बळावर.

आमच्या परीक्षणांत एक उणीव राहिली आहे ती पुरी करणें संग्राहकांच्या हातीं आहे. तहाच्या पहिल्या दोन दिवसांचें ३५ व २० असें वेगवेगळें देणें गिरण्यांच्या पगारवह्यांत खरोखर निरनिराळें मांडलें, कीं हिशेबनिसांनीं दोन्ही दिवस २७॥ नीं एकत्र जोडून टाकले, हें वह्या पाहिल्यावांचून कळणार नाहीं. रक्कम एकच येत असल्यामुळें कारकुनास दुसरा मार्ग सोपा. तसें झालें असेल तर कामगारांची प्रतिज्ञा भाषणांत पाळली गेली आणि वहींत मोडली. त्या काळच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांचीं दप्तरें रद्दींत जातात. लाल बासनांतल्या मोडी वह्यांस जें गिऱ्हाईक आहे तें ह्यांस नाहीं. १९१८ च्या मार्च महिन्याची एखादी गुजराती पगारवही, किंवा त्या पत्रकांपैकीं एखादें मूळ पत्रक, कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं प्रथम १८ मार्चनंतरच्या दोन दिवसांचें पान उघडून पाहावें.